थंड रक्ताचे पाहुणे

तुळशीचे लग्न लागले की आमच्या गावात गोधड्या बाहेर निघतात. डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन वर्षभर ट्रंकेत बसलेल्या कानटोप्या, मफलर आणि कोणाचे तरी उसवलेले स्वेटर ओट्यावर ऊन खात पडतात. आमच्या ओट्यावर त्यांच्या जोडीला आणखी एक वस्तू दरवर्षी दिसते : द्राक्षबागेवरून जुने होऊन उतरलेले प्लॅस्टिकचे कापड. ते मी साबणाच्या पाण्याने धुते, वाळवते, आणि परसातल्या तळ्यावर बांबूच्या कमानी रोवून त्यांवर ताणून बसवते. रस्त्याने जाणारे-येणारे आता सरावले आहेत, पण कोणी नवखे असले तर विचारतेच, "काय बाई, रोपं टाकली का?"

मी सांगते, "नाही, कासवांना थंडी वाजते."

यावर माणसे हसतात. हसण्यासारखेच आहे म्हणा. आमचा निफाड तालुका थंडीसाठी साऱ्या महाराष्ट्रात गाजलेला. डिसेंबर उजाडला की कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा वर्तमानपत्रांत छापून येतो, आणि परगावचे नातेवाईक तो आकडा वाचून आम्हांला फोन करतात. अशा गावात माणसाने आपल्या अंगावर पांघरूण घ्यावे की कासवांच्या? शिवाय कासवांना थंडी वाजते असे मी म्हणते, तेही शास्त्राला धरून नाही. थंडी वाजायला आधी अंगात ऊब असावी लागते. आपण कुडकुडतो, दात वाजवतो, म्हणजे आपले शरीर आपल्यापुरती शेकोटीच पेटवीत असते. कासवाच्या अंगात ही शेकोटी नाही. भोवतालचे पाणी वीस अंश तर तेही वीस अंश. पाणी दहा अंश तर तेही दहा. त्याला थंडी वाजत नाही, ते नुसते थंड होत जाते. एवढासा फरक समजायला मला चार वर्षे लागली, आणि तो समजेपर्यंत मी एका जिवंत जिवाला मातीत घालायला निघाले होते.

ही कासवे आमच्याकडे आली ती २०१४ च्या भाऊबीजेला. माझा भाऊ नाशिकहून आला, तो माझ्या साडीबरोबर भाच्यासाठी प्लॅस्टिकचे एक पसरट भांडे घेऊन. भांड्याच्या मधोमध प्लॅस्टिकचेच एक नारळाचे झाड, आणि त्या झाडाखाली दहा रुपयांच्या नाण्याएवढी दोन हिरवीगार पिले. डोळ्यांच्या मागे कुंकवाचे बोट ओढावे तशी लाल रेघ. धाकटा तेव्हा चौथीत होता. फराळाचे ताट समोरच होते. त्याने तिथल्या तिथे बारसे उरकले. एकाचे नाव लाडू आणि दुसरीचे चकली. ती 'दुसरी' आहे हे त्याला कसे कळले, देव जाणे. पण पुढे लाडूच्या पुढच्या पायांची नखे लांबलचक वाढली आणि चकली अंगाने थोराड झाली, तेव्हा पोराचे बोल खरे ठरले. या जातीत नर-मादी अशीच ओळखतात.

"ताई, यांचा काही त्रास नाही," भाऊ म्हणाला. "दुकानदार म्हणाला, ही एवढीच राहतात."

एवढीच राहतात! ही कासवे मुळातली अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली. पुरती वाढली की पाठ वीतभराहून मोठी होते, आणि नीट राहिली तर वीस-तीस वर्षे सहज जगतात. चार इंचांहून लहान पाठीची कासवे विकायला त्यांच्या मायदेशातच १९७५ साली बंदी झाली, कारण लहान मुले ती तोंडात घालीत आणि त्यांच्या अंगावरच्या जंतूंनी आजारी पडत. यातले आम्हांला काही ठाऊक नव्हते. जंतूंचा बंदोबस्त मात्र आमच्या घरात आपोआप झाला. माझ्या सासूबाईंनी, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, पहिल्याच दिवशी फर्मान काढले की कासवाला हात लावला की हात धुतल्याशिवाय चुलीजवळ यायचे नाही. त्यामागे जंतू नव्हते, सोवळे होते. पण सोवळ्यानेही कधी कधी माणसे वाचतात.

आत्याबाईंचा कासवांवर लोभ जडला तो वेगळ्या वाटेने. आमच्याकडे देवाला जाताना आधी सभामंडपातल्या दगडी कासवाला हात लावून मग पुढे व्हायची रीत आहे. "देवळात दगडाचं, आपल्या घरी जितं," असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना सांगत. एका सोमवारी त्यांनी चकलीच्या पाठीवर हळदकुंकू वाहिले. ती तरातरा पाण्यात गेली आणि भांड्यातले सारे पाणी गुलाबी झाले. धाकट्याने त्या दिवशी आजीशी अबोला धरला होता.

भांड्यातून घमेल्यात, घमेल्यातून टबात आणि टबातून परसातल्या हौदात, असा त्यांचा प्रवास दोन वर्षांत झाला. हौद मामंजींच्या वेळचा, गुरांना पाणी पाजायला बांधलेला. गोठ्यात गुरे राहिली नव्हती आणि हौद रिकामाच होता. सहा फूट लांब, चार फूट रुंद, दीड फूट पाणी. जमिनीच्या वर बांधलेला, चहूबाजूंनी वारा. मला तो पाहताना कासवांचा राजवाडाच वाटे. एका कोपऱ्यात पाटा उलटा ठेवून दिला होता, त्यावर दोघे ऊन खात बसत. मान उंच, मागचे पाय ताणलेले, बोटे पसरलेली. रविवारची वर्तमानपत्रे वाचणाऱ्या पेन्शनरांची आठवण व्हावी असे ते दृश्य असे.

दोन हिवाळे असे तसे निघाले. मग २०१८ चा डिसेंबर आला.

त्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे पारा दोन अंशांच्याही खाली उतरला. सकाळी दवाचे बर्फ झालेले गवत मुलांनी शाळेत मला मुठीत धरून आणून दाखवले. ज्यांच्या घरी द्राक्षबाग नाही त्यांना याची मौज वाटते. ज्यांची बाग आहे त्यांच्या पोटात गोळा येतो. मणी फुगण्याच्या दिवसांत अशी थंडी पडली की ते फुगायचे थांबतात, कुठे तडकतात, कुठे त्यांच्यावर गुलाबी डाग चढतो आणि व्यापारी माल हातात घेत नाही. वर्षभराचे कर्ज, औषधे, मजुरी, सारे त्या मण्यांत असते. म्हणून अशा रात्री गावात कोणी झोपत नाही. पहाटे दोन-तीन वाजता माणसे बॅटऱ्या घेऊन निघतात. बांधाबांधावर काटक्या, पालापाचोळा, भुसा पेटवतात. ओळींतून धूर सोडतात. विहिरीची मोटार लावून ठिबकने बागेला पाणी देतात. ओट्यावर उभे राहून पाहिले तर काळ्या रानात जागोजागी लाल ठिपके दिसतात, आणि मधूनच कोणीतरी कोणालातरी हाक मारते.

पहिल्या रात्री हे दोन वाजता उठून बागेत गेले. त्यांना चहा करून दिला, थोरल्यालाही उठवून बरोबर धाडले. दार लावून घेतले आणि माझ्या मनात आले : हौद!

आता हे कोणाला सांगायचे? गावाची झोप उडालेली, नवरा धुरात खोकतोय, बँकेचा हप्ता मार्चमध्ये, आणि मला काळजी कोणाची, तर प्लॅस्टिकच्या भांड्यातून आलेल्या दोन कासवांची! मला स्वतःचीच लाज वाटली. उद्या कोणी विचारले की रात्री बागेत का आली नाहीस, तर काय सांगायचे? तरी पाय परसाकडे वळलेच. बोट घातले तर पाणी चटकन चावले. दोघे तळाशी एकमेकांना चिकटून बसले होते.

मी बंब पेटवला. दोन बादल्या कढत पाणी काढले आणि हौदाच्या दुसऱ्या टोकाला हळूहळू ओतले. वाफ निघाली. त्या वाफेने मला केवढे समाधान दिले! घरात येऊन मी गाढ झोपले.

माझे भौतिकशास्त्र मॅट्रिकच्या पुस्तकापलीकडे गेलेले नाही, पण तेवढेही त्या रात्री वापरले असते तरी पुरे होते. पुढे मी मुलांना वर्गात हेच गणित घातले. सहा फूट गुणिले चार फूट गुणिले दीड फूट, म्हणजे छत्तीस घनफूट, म्हणजे सुमारे एक हजार लिटर पाणी. त्यात ऐंशी अंशांचे तीस लिटर घातले, तर सगळे पाणी जेमतेम दोन अंशांनी चढते. आणि जे चढते ते तासा-दोन तासांत वाऱ्यावर जाते. भावाने पुढे माशांच्या काचपेटीत बुडवतात तसला शंभर वॅटचा हीटर आणून दिला. त्याचेही गणित मुलांनीच केले. हजार लिटर पाणी दहा अंशांनी तापवायला सुमारे साडेअकरा युनिट वीज लागते, तीही वाटेत काही वाया गेले नाही असे धरून. शंभर वॅटचा हीटर चोवीस तासांत जाळतो दोन युनिट आणि वर थोडी. "बाई, पाच दिवस लागतील," मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "तोवर थंडी जाईल." उघड्या हौदात विजेची वायर टाकून ठेवायची भीती वेगळीच.

दुसऱ्या रात्री मी आणखी शहाणपणा केला. दोघांना घमेल्यात घालून घरात आणले आणि चुलीच्या उबेला ठेवले. दिवस उजाडताच पुन्हा हौदात, कारण दिवसा ऊन असते. संध्याकाळी पुन्हा आत. शिवाय थंडीच्या दिवसांत चार घास जास्त खावेत, हे आपल्या रक्तातच आहे. घरोघर डिंकाचे आणि मेथीचे लाडू वळले जातात ते का उगाच? चुलीपाशी ती दोघे तरतरीत झाली, तोंड उघडू लागली, की मी त्यांना पोटभर खाऊ घाली. शेवग्याचा पाला, सुकट, त्यांच्या खाद्याच्या गोळ्या. मग भरल्या पोटाने पुन्हा त्या बर्फगार पाण्यात.

पाचव्या दिवशी लाडू तिरका पोहू लागला. एक बाजू वर, एक खाली, कलंडलेल्या होडीसारखा. नाकातून बुडबुडे. मी त्याला टोपलीत घालून एसटीने नाशिकला नेले. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला उलटसुलट पाहिले आणि विचारले, "याला दिवसातून किती वेळा आत-बाहेर करता?"

मी मोठ्या अभिमानाने सगळी दिनचर्या सांगितली.

ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्हाला रोज सकाळी चंद्रपूरहून उचलून महाबळेश्वरला टाकलं आणि संध्याकाळी परत चंद्रपूरला आणलं, तर किती दिवस टिकाल?"

मग त्यांनी मला जे समजावून सांगितले ते मी आजवर विसरलेली नाही. कासवाच्या पोटातली चूल बाहेरच्या उबेवर चालते. पाणी पंधरा अंशांच्या खाली गेले की ती विझते. त्या वेळी पोटात जे अन्न असेल ते जिरत नाही, तिथेच कुजते. जाडजूड, निरोगी कासव खरोखरच्या थंड पाण्यात खोल तळाशी जाऊन उपाशीपोटी महिनोन् महिने पडून राहू शकते. हृदय अगदी मंद, श्वास जवळजवळ बंद, पाण्यातला थोडाफार प्राणवायू कातडीतून घेत. मिसिसिपीकाठी ती हिवाळा असाच काढतात. आणि उबेत ती खाऊन-पिऊन सुखात राहतात. मधली अवस्था वाईट. ना झोप, ना जाग. आमच्या उथळ हौदाचे पाणी पहाटे नऊ-दहा अंश आणि दुपारी अठरा; त्यात माझी चूल. मी त्यांना झोपूही दिले नव्हते आणि जागूही दिले नव्हते. लाडूला फुप्फुसांची सूज होती. इंजेक्शने आणि टबात एकसारखे ऊबदार पाणी, असा तीन आठवड्यांचा मुक्काम त्याला घरात पडला.

चकली ठणठणीत दिसत होती. ती हौदातच राहिली. आता काही करायचे नाही, असे मी ठरवले. आणि काही न करण्याचा माझा स्वभाव नसल्यामुळे मी तिच्याकडे पाहायचेच टाळले.

चार-पाच दिवसांनी, शाळेला निघायच्या घाईत, मी हौदात डोकावले. ती तळाशी वाकडी पडली होती. हाताने वर काढली. चारी पाय लोंबत होते, मान लोंबत होती. कासवाला उचलले की ते अंग आत घेते. गीतेतल्या स्थितप्रज्ञाची उपमा त्यावरूनच आली. हिने काही आत घेतले नाही. पाय ओढला, ढिला. डोळ्याजवळ बोट नेले, पापणी हलली नाही. शेजारच्या दोघीतिघी जमल्या. सगळ्यांचे एकमत झाले.

धाकटा तेव्हा आठवीत. सकाळची शाळा होती, तो आधीच गेलेला. मी आत्याबाईंना म्हणाले, "तो यायच्या आत हिला लिंबाखाली पुरून टाका. त्याला उगाच दिसायला नको. मी संध्याकाळी समजावीन." एवढे सांगून मी सायकलवर टांग टाकली. त्या दिवशी वर्गात मी काय शिकवले ते मला आठवत नाही. इतके आठवते की शाळा सुटेपर्यंत मी मनातल्या मनात मुलाला सांगायची वाक्ये जुळवीत होते. कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईला मरणाची वाक्ये सुचायला अडचण पडू नये. पण एकही धड जुळले नाही.

घरी आले तर लिंबाखाली खड्डा खणलेला, पण मोकळा. आत्याबाई परसातल्या भिंतीला टेकून उन्हात बसलेल्या, धाकटा त्यांच्या शेजारी, आणि दोघांच्या पुढ्यात, जुन्या साडीच्या घडीवर, चकली. तिची मान बाहेर होती. डोळे उघडे होते.

आत्याबाईंनी माझे ऐकलेच नव्हते. "पोराला तोंड दाखवल्याबिगर मातीत कसं घालायचं?" त्या मला म्हणाल्या. "त्याचं माणूस ते." म्हणून त्यांनी खड्डा खणून घेतला आणि चकलीला उन्हाच्या भिंतीवर ठेवून नातवाची वाट पाहत बसल्या. दुपारी बाराच्या सुमारास त्यांना वाटले की मुंगी चावल्यासारखा पाय हलला. मग दुसरा. धाकटा घरी आला तेव्हा ती डोके उचलीत होती.

त्या खड्ड्याकडे मला बघवेना. चार फावडी माती, वर एक दगड, एवढेच अंतर राहिले होते. मी ते काम प्रेमापोटीच सांगितले होते, मुलाला दुःख होऊ नये म्हणून. आत्याबाईंनी वाट पाहिली ती प्रेमापोटी की रिवाजापोटी, मला ठाऊक नाही. मी त्यांना कधी विचारले नाही. संध्याकाळी तो खड्डा मी स्वतःच बुजवला.

त्या रात्री जेवताना ह्यांना पहिल्यापासून सगळी हकीकत सांगितली. बंब, बादल्या, घमेले, सगळे. ह्यांनी घास हातात धरून ऐकले आणि म्हणाले, "अगं, मग विहिरीचं पाणी का नाही सोडलंस?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहतच राहिले.

"आपण बागेला पहाटे पाणी कशाला देतो? विहिरीचं पाणी चोवीस-पंचवीस अंश असतं. बारा महिने. वर कितीही गारठा पडू दे, जमिनीच्या पोटात ऊब असते. पहाटे उपसलं तर वाफा निघतात त्याच्या. अर्धा हौद सोडून दिला असतास आणि अर्धा विहिरीचा भरला असतास, तर सतरा अंशांवर गेलं असतं पाणी. घडीभराचं काम."

हजार लिटरांपैकी पाचशे दहा अंशांचे, पाचशे चोवीसचे. सतराच. मी पुढे मुलांकडून तेही करून घेतले. त्या रात्री मी बंब पेटवीत होते तेव्हा अर्ध्या फर्लांगावर माझाच नवरा जमिनीतली ऊब बागेला पाजीत होता. विचारले असते तर तिथल्या तिथे सांगितले असते. पण मी लाजले होते. त्याच्या काळजीपुढे माझी काळजी मला फार लहान वाटली, आणि मी ती पदराखाली लपवली. ह्यांना वाईट वाटले ते याचेच. "मला सांगायचं तरी," एवढेच ते दोनदा म्हणाले. बागेचा चौथा हिस्सा माल त्या वर्षी गुलाबी डागाने गेला होता.

यानंतर घरात एक विचार जोर धरू लागला. कासवे नदीत सोडून द्यावीत. आत्याबाईंच्या मते ते पुण्यकर्म. नांदूर मध्यमेश्वर आमच्याच तालुक्यात; गोदावरी आणि कादवा तिथे भेटतात, पाण्याला अंत नाही. "गोदामाईच्या पोटात काय कमी आहे?" मलाही पटले होते, सुटका होणार होती ना! टब गाडीत चढवायचा तेवढा उरला होता. लाडूची औषधे संपल्याचे सांगायला मी डॉक्टरांना फोन केला आणि सहज हेही सांगितले. त्यांचा आवाज एकदम चढला. ही कासवे खादाड आणि चिवट. परक्या पाण्यात सोडली की तिथल्या कासवांचे अन्न खातात, त्यांच्या उन्हाच्या जागा बळकावतात, आजार नेतात. जगभरातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जिवांच्या यादीत त्यांचे नाव आहे. युरोपने १९९७ सालीच त्यांची आयात बंद केली. गोदावरीत आपली मऊ पाठीची कासवे आधीच जीव मुठीत धरून आहेत. १९७२ च्या कायद्याने त्यांना घरात ठेवणे गुन्हा आहे, आणि आम्ही त्यांच्याच घरात हे परके नेऊन सोडणार होतो! पुढे जानेवारी २०२० मध्ये नांदूर मध्यमेश्वर रामसर यादीत आल्याचे जाहीर झाले. महाराष्ट्रातले असे ते पहिले ठिकाण. वर्तमानपत्रातली ती बातमी वाचताना मला घाम फुटला.

टब परत परसात आला. आत्याबाई दोन दिवस रुसल्या. मग म्हणाल्या, "आणलंय तर सांभाळा."

२०१९ च्या उन्हाळ्यात ह्यांनी स्वतः तळे आखले. लिंबाच्या दक्षिणेला, दिवसभर ऊन पडेल असे. जमिनीच्या वर नव्हे, आत, चार फूट खोल. खोल पाणी हळू थंड होते आणि हळू तापते. पहाटे आणि दुपारी त्यात दोन-तीन अंशांचाच फरक पडतो. काठाशी एक सपाट दगड, त्यावर छपरी आणि छपरीला तारेच्या पिंजऱ्यात दिवा, पाण्याच्या वर चांगला उंच. मुंगसासाठी जाळी. हिवाळ्यात प्लॅस्टिकची कमान, वारा खेळायला दोन्ही टोकांना थोडी उघडी. आणि बागेच्या ठिबकची एक नळी वळवून तळ्यात सोडलेली : पारा आठच्या खाली जाणार असला की पहाटे बागेबरोबर कासवांनाही विहिरीचे पाणी मिळते, बारीक धारेने, आचका न देता. दोरीला बांधलेला एक थर्मामीटर तळाशी लोंबतो. पाणी वीसच्या वर असेल तर नेहमीसारखे जेवण; वीस ते पंधरा असेल तर दुपारी चिमूटभर; पंधराच्या खाली उपास. हा नियम धाकट्याने खडूने भिंतीवर लिहून ठेवला, तो दर दिवाळीला रंग दिला की पुन्हा लिहावा लागतो. चकली उन्हाळ्यात काठच्या मातीत अंडी घालते. ती मी उकरून काढते. हे काम मला आवडत नाही, पण दुसऱ्या कोणावर टाकवत नाही.

संतांच्या वाङ्मयात कासवीचा दृष्टांत पुष्कळदा येतो. ती पिलांना पाजत नाही, दूरून नुसत्या नजरेने वाढवते, असे त्यात सांगितलेले असते. शास्त्र म्हणते, कासवी अंडी घालून वर माती लोटते आणि निघून जाते, मागे वळूनही पाहत नाही. वर्गात शिकवताना मी दोन्ही सांगते आणि मुले शास्त्राच्या बाजूने हसतात. मी हसत नाही. बंब पेटवणे सोपे असते. भरवणे सोपे असते. थंडीच्या रात्री काठावर बसून, खाली काळोखात दोन जीव मंदावत चाललेले दिसत असताना, थर्मामीटरवर सतरा आहे म्हणून हात आवरून नुसते पाहत राहणे, हे ज्याने केले आहे त्यालाच तो दृष्टांत कळेल.

धाकटा आता पुण्याला शिकायला असतो. आत्याबाईंना दिसायला कमी झाले आहे, त्या दुपारी तळ्याजवळ खुर्ची टाकून बसतात आणि पाण्यात काही डुबकले की, "कोण गं, लाडू का?" म्हणून विचारतात. लाडू पोहताना अजून जरासा डावीकडे झुकतो.

गेल्या जानेवारीत एका रात्री फार गारठा पडला. हे बागेत गेलेले. मी शाल गुंडाळून बॅटरी घेऊन तळ्याशी उभी होते, तर फोन वाजला.

"आई, पाणी किती?"

"अठरा."

"नळी सोडली का?"

"सोडली. दुपारी चिमूटभर दिलं. दगडावर आले होते दोघं. तू जेवलास का?"

"हो."

"आणि खोलीवर पांघरूण आहे ना पुरेसं? ती निळी गोधडी नेलीस का नाही? सकाळी अंघोळीला गरम पाणी मिळतं का?"

"आई," तो म्हणाला, "माझं रक्त गरम आहे गं," आणि हसत हसत त्याने फोन ठेवला.

मी प्लॅस्टिकची कडा उचलून बॅटरी आत मारली. तळाशी दोन ताटल्या, एक मोठी, एक लहान. नळीच्या तोंडाशी पाण्यावर बारीक वाफ होती. बागेकडून ह्यांच्या खोकण्याचा आवाज आला. मी कडा सोडली, तिच्यावर दगड ठेवला, आणि चहा टाकायला आत गेले.